बारा अंश

पुण्याहून निनाद कुलथे यांचा फोन :
अक्षरं अशी हवीत मॅडम, की
उभी असतानाही सुटलेली वाटावीत.
जर्सीवर, हेल्मेटवर, बॅटरीच्या डब्यावर.
उद्याची वाटावीत.
आणि हो, मराठी वाटली नाहीत तरी चालेल.

मी अक्कलकोट रोडला, गारमेंटच्या पोटमाळ्यावर.
खाली शाळांचे गणवेश शिवणाऱ्या चाळीस मशिनी,
पायाखालची फळी दिवसभर थरथरते,
तसा माझा माऊसही.
'क' घेतला. बारा अंश कलता केला.
पडला नाही. बरा दिसला.

मग एकेक भानगड.
पहिली वेलांटी बंदूक वाजायच्या आधीच सुटते,
रफार टोपीसारखा मागे उडतो,
ऊकार पायांत येतो,
आणि ळ,
दोन वाटोळ्या पोटांचा ळ,
धाव म्हटलं की तिथेच बसकण मारतो.
त्याला वगळावं तर 'खेळ' लिहिता येत नाही.

सगळ्यांत वाईट शिरोरेषा.
अक्षरं पुढे झुकतात,
ही आपली आडवी, सपाट,
टॉवेल वाळत घातलेली दोरी.
कितीही तिरकं करा,
डोकी चिमट्यातच.

रात्री नायना आले डबा घेऊन.
एका डोळ्यात नवी लेन्स,
दुसऱ्याची तारीख मार्चमधली.
अठ्ठावीस वर्षं जेकार्डचे डिझाइन मास्टर.
चादरीच्या कोपऱ्यातलं मिलचं नाव
चौकट चौकट रंगवून त्यांनीच भरलेलं.
स्क्रीनला नाक लावून म्हणाले, मोठं कर.
केलं. अजून. अजून.
तिरकी रेघ फुटली आणि आतून जिना निघाला,
करड्या पायऱ्यांचा.
जुना पाळीवाला भेटावा तसे हसले.
"हा तर ग्राफच की.
ताणा उभा, बाणा आडवा.
कापडात तिरकं काही नसतं, पोरी.
तिरकं लांबून असतं."

मी दोरीचं दुखणं सांगितलं.
त्यांनी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने
अम्माचं नाव लिहिलं, तेलुगूत.
कनकम्मा.
चार अक्षरं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर
गुरुजींनी 'बरोबर' दिल्यासारखी
एक छोटी तिरकी खूण.
"तलकट्टु. आमच्यात दोरी नाही.
ज्याचा फेटा त्याच्या डोक्याला."

घरात जी भाषा बोलत वाढले,
जिच्यात रुसले, जिच्यात मार खाल्ला,
तिची अक्षरं मी अशी पहिल्यांदाच पाहिली,
पोटासाठी.

दीडपर्यंत दोरी कापत बसले.
प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा तुकडा,
उजवं टोक तासलेलं, जरा वर उचललेलं.
वेलांटीला मागे ओढून रेषेवर आणलं.
ळ-ची पोटं नाही कापली.
एकामागे एक घेतली,
वळणावर कललेल्या दोन सायकली जशा.
अजून तो थोडा धापा टाकतो.
टाकू दे.

निनाद खूश. म्हणाले, झकास,
एकदम जपानी.
मी हो म्हटलं.
डब्यात अम्माने पाठवलेली चटणी होती,
तिच्या बोटांना तंबाखूचा वास
अजूनही येतो, विड्या सोडून सहा वर्षं झाली तरी.

रविवारी पार्क मैदानावर
रुबिना नदाफ चारशे मीटर धावली.
पाठीवर सोलापूर, बारा अंशात,
घामाने पू चिकटलेला.
पाठीवरचं नाव मागे पडलेल्यांसाठीच असतं;
तिला काय, तिने ते वाचलंही नसेल.

नायना पायरीवर, एक डोळा झाकून.
विचारलं, वाचता येतंय?
बराच वेळ काही बोलले नाहीत.
ती वळणावर गेली, लहान झाली,
पायऱ्या मिटल्या, रेघ सरळ झाली.

"कापड पॉलिस्टर आहे," म्हणाले.